काळा पडदा का येतो?



कार्यक्रमपत्रिकेत ‘ड्रायव्हर’ हा शब्द वाचून आपणांपैकी काहींची समजूत झाली असेल की, आज एस. टी.च्या चालकांच्या पगाराचा प्रश्न निघणार. खुद्द व्याख्यानमालेच्या चिटणिसांनीही आम्हांला तसे विचारून घेतले. तो प्रश्न मोठा आहे, आणि त्यावर बोलण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत. पण आजचा ड्रायव्हर गाडी चालवीत नाही. तो संगणकातले ग्राफिक्स कार्ड चालवितो, आणि लिनक्सवर तो बसविताना पडदा काळा का पडतो, हा आजचा विषय आहे.

हा विषय आम्ही शोधायला गेलो नाही; तो आमच्या कार्यालयात चालत आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ ला जुनी यंत्रे चालत नाहीत; त्यांत अमुक चिप हवी, प्रोसेसर तमुक पिढीचा हवा, अशा अटी आहेत. कामगारांच्या घरी जी यंत्रे असतात ती बहुधा लॅमिंग्टन रोडवरून किंवा एखाद्या कार्यालयाच्या लिलावातून आलेली. ती अगदी ठणठणीत चालत असतात, पण कागदोपत्री सेवानिवृत्त झालेली असतात. तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी लिनक्स घालते. पैसे पडत नाहीत, परवाना लागत नाही, यंत्र पुन्हा तरतरीत होते. सारे घर खूश! मग एके दिवशी कुणीतरी सांगते की तुझ्या यंत्रात एन्व्हिडियाचे कार्ड आहे, त्याचा ‘खरा’ ड्रायव्हर घाल म्हणजे वेग येईल. मुलगा तो घालतो, यंत्र बंद करून सुरू करतो, आणि समोर काळा पडदा. वर डाव्या कोपऱ्यात एक लहानशी रेघ लुकलुकत असते, तेवढीच काय ती जिवंत.

पुढे होते ते आम्हांला फार लागते. तो मुलगा म्हणतो, “मला जमत नाही.” बाप म्हणतो, “फुकटचे ते फुकटचेच.” आणि यंत्र माळ्यावर जाते. ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, असे आमचे म्हणणे आहे. दोष त्या मुलाच्या बुद्धीत नसतो, आणि फुकट मिळालेल्या लिनक्सातही नसतो. दोष दोघांच्या मध्ये जो बंद कागद आहे, त्यात असतो. तो कागद कसा वाचावा, निदान त्याच्या बाहेरच्या बाजूवर काय लिहिले आहे ते कसे पाहावे, एवढे आज सांगावयाचे आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय? बांधकामावरचा मुकादम डोळ्यांपुढे आणा. वरून साहेबाचा हुकूम येतो तो साहेबाच्या भाषेत. खाली गडी काम करतात ते त्यांच्या भाषेत. मधला मुकादम दोन्ही भाषा जाणतो म्हणून काम उठते. संगणकात साहेबाच्या जागी कर्नल असतो, म्हणजे लिनक्सचा गाभा. गड्याच्या जागी कार्ड. आणि मुकादम तो ड्रायव्हर. आता बहुतेक मुकादम असे असतात की त्यांचे हजेरीपत्रक कुणीही उघडून पाहावे. इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर असा आहे. एएमडी कंपनीने २००७ साली आपल्या कार्डांची माहिती खुली करावयाचे जाहीर केले, आणि २०१५ पासून तिचा नवा ड्रायव्हर कर्नलच्या घरातच राहावयास आला. एन्व्हिडियाचा मुकादम मात्र वर्षानुवर्षे हजेरीपत्रक खिशात घालून फिरत राहिला. काम तो उत्तम करतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याने खाडा केला तर का केला, हे बाहेरच्या कुणाला कळत नाही.

हे भांडण आजचे नव्हे. मोकळ्या सॉफ्टवेअरची सारी चळवळ जन्माला आली तीच मुळी अशा एका यंत्राच्या कटकटीतून. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रामर होता. तेथल्या जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की सर्वांना आपोआप सूचना जाईल, अशी सोय त्याने त्याच्या प्रोग्राममध्ये करून ठेवली होती. पुढे झेरॉक्स कंपनीने नवे लेझर छपाईयंत्र भेट दिले. त्यातही कागद अडके. पण त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर कंपनीने दिला नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे तो होता. स्टॉलमन त्याच्याकडे गेला, तर तो म्हणाला, मी कुणाला न देण्याचे वचन देऊन बसलो आहे. समोर यंत्र, अंगात विद्या, आणि हात बांधलेले! १९८३ च्या सप्टेंबरात त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपला कर्नल लोकांपुढे ठेवला, आणि पुढल्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. ज्याला हा कर्नल मिळेल त्याला त्याचा मूळ मजकूरही मिळालाच पाहिजे, असा तो परवाना.

आता दोन पक्ष समोरासमोर येतात. कर्नल लिहिणारे म्हणतात, आमच्या घराची आतली मांडणी आम्ही गरजेप्रमाणे बदलणार. साधारण नऊदहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, आणि आतल्या दारांची जागा कायम राहील असे वचन आम्ही कुणालाही दिलेले नाही. जो ड्रायव्हर आमच्याच घरात राहतो त्याची दारे आम्ही बदलाबरोबर दुरुस्त करून देतो. जो बाहेर राहतो त्याने आपली काळजी घ्यावी. कंपनी म्हणते, आमच्या ड्रायव्हरात आमची कला आहे, इतरांकडून परवान्यावर घेतलेला मालही आहे, तो चव्हाट्यावर कसा मांडू? आयुष्य वाटाघाटींत गेल्यामुळे आम्हांला दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय आहे, आणि दोन्हींत तथ्य आहे. जून २००८ मध्ये शंभराहून अधिक कर्नल-लेखकांनी एकत्र सह्या करून बंद ड्रायव्हर अहितकारक असल्याचे निवेदन काढले. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात श्रोत्यांतून या विषयावर प्रश्न आला, तेव्हा टोरवाल्ड्सने या कंपनीस उद्देशून कॅमेऱ्यासमोर जी बोटाची खूण केली, ती येथे भगिनी बसल्या असल्याने आम्ही करून दाखवीत नाही. पण वाटाघाटी फिसकटल्या म्हणजे हाल होतात ते तिसऱ्याचेच. येथे तिसरा म्हणजे तो घरातला मुलगा.

कंपनीने यातून काढलेली पळवाट समजून घेतली पाहिजे, कारण निम्मे बिघाड तेथेच आहेत. ड्रायव्हरचा मोठा भाग कंपनी आधीच शिजवून, झाकण लावून पाठविते. त्याच्याभोवती एक पातळ थर मात्र मूळ मजकुराच्या रूपात देते, आणि तो थर आपल्याच यंत्रावर, आपल्याच कर्नलच्या मापाने शिवून घ्यावा लागतो. शिंपी आपल्या घरी येतो आणि माप घेऊन कपडा बेततो, तसे. त्याला दोन वस्तू लागतात: एक कंपायलर, म्हणजे शिलाईचे यंत्र, आणि दुसरी त्या कर्नलची मापांची वही, जिला हेडर्स म्हणतात. वही चालू कर्नलचीच हवी. शेजारच्या आवृत्तीची असेल तर सदरा अंगात जात नाही. आता दर नव्या कर्नलला पुन्हा शिलाई आली! ती आपोआप व्हावी म्हणून डेल कंपनीच्या लोकांनी २००३ च्या सुमारास डीकेएमएस नावाची व्यवस्था केली. नवा कर्नल आला की ती गुपचूप ड्रायव्हर शिवून ठेवते. शिवता आला तर ठीकच. न आला तर यंत्र सुरू करेपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो.

म्हणून पहिली गोष्ट: काळा पडदा दिसला की सारे पुसून पुन्हा लिनक्स घालू नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार आहे. यंत्र बहुतेक वेळा मेलेले नसते. केवळ त्याचे तोंड बंद झालेले असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ या कळा एकत्र दाबा. पुष्कळदा साधा अक्षरांचा पडदा येतो, नाव आणि परवलीचा शब्द विचारतो, आणि आपण आत असतो. तेही न झाले तर यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणावी आणि तीत आदल्या कर्नलची ओळ निवडावी. जुन्या कर्नलला शिवलेला ड्रायव्हर तेथे अजून शाबूत असतो. तेही नसेल तर त्याच यादीत ई दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. ही जोड त्या एका वेळेपुरतीच असते. ती कायमची राहील असे भय नको.

आत गेल्यावर तपास करावयाचा तो चौकशी अधिकाऱ्याप्रमाणे, म्हणजे आरोप ठेवण्यापूर्वी कागद पाहावयाचे. चालू कर्नल कोणता, हे ‘यूनेम’ आज्ञेपुढे आडवी रेघ आणि आर लिहिले की कळते. कार्ड कोणते आणि सध्या त्याला कोण हाकतो आहे, हे ‘एलएसपीसीआय’ पुढे रेघ आणि के लिहिले की कळते. त्यात कार्डाच्या नावाखाली ‘ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. ती ओळच नसेल तर मुकादम कामावर आलेलाच नाही. नूवो असे नाव असेल तर दुसराच मुकादम उभा आहे.

हा नूवो कोण? बाहेरच्या कार्यकर्त्यांनी कंपनीच्या मदतीवाचून, कार्डाच्या वागण्याचे निरीक्षण करकरून लिहिलेला मोकळा ड्रायव्हर. फ्रेंच भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘नवा’. फेब्रुवारी २०१० मध्ये निघालेल्या २.६.३३ या कर्नलपासून तो घरातला झाला. आमच्या मते गेल्या वीस वर्षांतल्या मोठ्या सामुदायिक श्रमांपैकी हा एक, आणि त्याची गाथा सभांतून सांगण्यासारखी आहे. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. कंपनीचा ड्रायव्हर हवा असेल तर नूवोला ‘ब्लॅकलिस्ट’ करावे लागते. हा शब्द आमच्या चांगल्या ओळखीचा आहे! संपात पुढे असणाऱ्या माणसाचे नाव एका कारखान्यातून दुसऱ्यात पोहोचे, ते याच नावाच्या यादीने. असो. नूवोला यादीत घालून भागत नाही. यंत्र सुरू होताना जो छोटा शिधा आधी उघडला जातो, ज्याला इनिटरॅमएफएस म्हणतात, तोही नव्याने बांधावा लागतो. नाहीतर नूवो त्या शिध्याबरोबर मागच्या दाराने आत येऊन बसतो, आणि मुलगा म्हणतो, मी सांगितले तसेच केले.

आता नोंदवह्या. यंत्र प्रत्येक अपयश लिहून ठेवते, आणि या बाबतीत ते आमच्या पाहण्यातल्या कित्येक व्यवस्थापकांपेक्षा प्रामाणिक आहे. शिलाई फसली असेल तर व्हार, लिब, डीकेएमएस या वाटेने गेल्यावर आत ‘मेक डॉट लॉग’ नावाची वही सापडते. तीत शेकडो ओळी असतात आणि शेवटची ओळ नेहमी एवढेच सांगते की काम फसले. माणसे ती शेवटची ओळ वाचून हताश होतात. वाचावयाची असते ती पहिली तक्रार. ‘एरर’ हा शब्द जेथे प्रथम येतो ती ओळ. हेडर्स सापडत नाहीत असे तेथे असेल तर ते आणावेत. कंपायलरची आवृत्ती जुळत नाही असे असेल तर तो जुळवावा. आणि एखादे काम किंवा खाते कर्नलमधून नाहीसे झाले अशा अर्थाचे काही असेल, तर समजावे की कर्नल पुढे गेला आणि हा ड्रायव्हर मागे राहिला. तेथे मुलाने कितीही रात्र जागविली तरी उपयोग नाही. ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईपर्यंत आदल्या कर्नलवर राहावे. हा फरक कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण काही कुलपे आपल्या किल्लीची असतात आणि काही नसतात.

किल्लीवरून आठवले. अलीकडच्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो. ज्याच्यावर ओळखीचा शिक्का नाही असा कुठलाही भाग तो कर्नलमध्ये शिरू देत नाही. आपल्याच घरी शिवलेल्या ड्रायव्हरवर शिक्का कुणाचा असणार? आपलाच. म्हणून स्थापनेच्या वेळी यंत्र एक परवलीचा शब्द ठरवावयास सांगते. पुष्कळ लोक काहीतरी टंकून पुढे जातात. पुन्हा यंत्र सुरू झाले की एक निळा पडदा येतो आणि जेमतेम दहा सेकंद थांबतो. तो पाहून लोक घाबरतात. विंडोजच्या निळ्या पडद्याची आठवण अजून ताजी आहे. काही न दाबता तो जाऊ दिला की संधी गेली, आणि मागणी पुन्हा नोंदवावी लागते. वस्तुतः तेथे कुठलीही कळ दाबून ‘एनरोल मॉक’ निवडावयाचे आणि मघाचा शब्द द्यावयाचा, एवढेच असते. कर्नल किल्ली नाकारल्याचा संदेश देत असेल तर दुसरे काही शोधत बसू नका; बिघाड याच फाटकावर आहे. पहारेकऱ्याला सुट्टी द्यावी, म्हणजे सिक्युअर बूट बंद करावे, असा सल्ला सर्रास मिळतो. चालते तेही. पण आपला शिक्का नोंदविता येत असताना पहाराच उठविणे आम्हांला पसंत नाही.

सर्वांत वाईट बिघाड मात्र यंत्र करीत नाही, घाई करते. एका कामगाराच्या मुलीला ब्लेंडरवर त्रिमिती चित्रे शिकावयाची होती. कार्ड चांगले, १६५० क्रमांकाचे. एका दुरुस्तीवाल्याने तिला कंपनीची ‘रन’ नावाची फाइल चालवून ड्रायव्हर घालून दिला. महिन्याभराने उबुंटूने आपल्या भांडारातून त्याच ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती वर घातली. आता कर्नलमध्ये बसलेला भाग एका आवृत्तीचा, आणि बाहेरची ग्रंथालये दुसऱ्या आवृत्तीची! ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा दिली की उत्तर येई: ड्रायव्हर आणि लायब्ररी जुळत नाहीत. एरवी साध्या अद्ययावतीनंतर हाच संदेश आला तर एकदा यंत्र बंद करून सुरू केले की तो जातो. येथे तो जाईना. उपाय सरळ होता: रन फाइलीलाच ‘अनइन्स्टॉल’ सांगून तिचे सामान आवरावयास लावणे, भांडारातले ड्रायव्हरही काढणे, आणि मग ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीतून एकच, शिफारस केलेला, घालणे. दोन तासांचे काम. त्याआधी त्या मुलीचे तीन आठवडे गेले होते, आणि तिला घरात ऐकावे लागले ते वेगळेच.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप हवाच कशाला? ज्यांना अर्ज टंकावयाचे, पत्रव्यवहार करावयाचा, चित्रपट पाहावयाचा, त्यांना खरोखरच नको. नूवो किंवा यंत्रातले इंटेलचे ग्राफिक्स त्यांना पुरेसे आहे, आणि ‘खरा’ ड्रायव्हर घाल असे सांगणाऱ्या मित्राला त्यांनी चहा पाजून परत पाठवावे. पण ब्लेंडर, चित्रफितींचे संपादन, खेळ, आणि हल्लीची कृत्रिम बुद्धीची शिकवणी, यांत कंपनीच्या ड्रायव्हरवाचून गत नाही. ज्या कामांत उद्या मजुरी आहे, नेमकी तीच ही कामे. म्हणून या वस्तूकडे पाठ फिरविणे आमच्या मुलांना परवडणारे नाही.

आणखी एक गोष्ट कर्नलवाल्यांच्या बाजूची. बंद ड्रायव्हर आत आला की कर्नल आपल्यावर एक खूण करून ठेवतो. तिला ते ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेला, म्हणतात. अशा यंत्राची तक्रार नेली की कर्नलचे लेखक विचारतात, हा डाग काढून पुन्हा बिघाड दाखवा. प्रथम आम्हांला हे निष्ठुर वाटे. पण ज्याचे हजेरीपत्रक पाहता येत नाही त्याच्या कामाची जबाबदारी कुणी घ्यावी? हा प्रश्न आम्ही स्वतःच कंत्राटदारांच्या बाबतीत किती वेळा विचारला आहे!

मे २०२२ मध्ये मोठी बातमी आली. एन्व्हिडियाने कर्नलमध्ये बसणाऱ्या भागाचा मूळ मजकूर खुला केला. २०२४ पासून नव्या कार्डांसाठी तोच मुख्य झाला, आणि ब्लॅकवेल पिढीच्या कार्डांना तर तोच लागतो. या कंपनीचे एक मोठे केंद्र आपल्या पुण्यातही आहे. तेव्हा हे सारे फार दूरचे नव्हे. आनंद झाला, पण आम्ही पेढे वाटले नाहीत. कारण बाहेरची ग्रंथालये अजून बंद आहेत, आणि पूर्वी ड्रायव्हरात असलेले बरेचसे गुपित कार्डावरच्या एका लहान प्रोसेसरच्या बंद फर्मवेअरमध्ये जाऊन बसले आहे. शिवाय ही खुली वाट २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढल्यांसाठी. तिच्या मागच्यांना ती नाही.

आणि आमच्या लोकांकडे असतात ती मागचीच. केप्लर पिढीचा शेवटचा ड्रायव्हर ४७० मालिकेचा, त्याआधीच्या फर्मी पिढीचा ३९० चा; दोन्हींचा आधार कंपनीने थांबविला आहे. त्यांतही एक गंमत अशी की, जीटी ७३० या एकाच नावाखाली बाजारात दोन निराळ्या पिढ्यांची कार्डे विकली गेली. खोका एक, नाव एक. आतली चिप एकाची फर्मी, दुसऱ्याची केप्लर. शेजाऱ्याच्या जीटी ७३० वर ४७० चालला म्हणून आपल्या कार्डावर चालेलच असे नाही. खोक्यावर विश्वास ठेवू नये. ‘एलएसपीसीआय’ चिपचे नाव दाखविते. जीएफ ने सुरू होत असेल तर फर्मी, जीके ने होत असेल तर केप्लर. असे कार्ड नव्या कर्नलवर कंपनीच्या ड्रायव्हराने चालविण्याचा हट्ट आता सोडावा. नूवोवर ते सुखाने चालते. ज्यांना कंपनीने वाऱ्यावर सोडले त्यांना त्या बिनपगारी कार्यकर्त्यांनी घरात घेतले आहे. त्याच्या पुढल्या, २०१४ नंतरच्या ९०० क्रमांकांच्या कार्डांचे मात्र कठीण आहे. त्यांना कंपनीच्या सहीचे फर्मवेअर लागते, आणि त्यावाचून नूवोला त्यांचा वेग वाढविता येत नाही. ज्यांचे कार्ड या मधल्या पिढ्यांतले आहे त्यांनी कंपनीचा ड्रायव्हर जपून ठेवावा, दीर्घकाळ आधार असलेला कर्नल धरावा, आणि प्रत्येक अद्ययावतीपूर्वी आदला कर्नल यंत्रात शिल्लक आहे ना, ते पाहावे.

ज्यांच्या घरी असे यंत्र माळ्यावर गेले असेल त्यांनी रविवारी सकाळी आमच्या कार्यालयात यावे. यंत्र उचलून आणले नाही तरी चालेल. चालू कर्नलचा क्रमांक, चिपचे नाव आणि वहीतली पहिली तक्रार, एवढे कागदावर उतरवून आणा. मोबाइलवर छायाचित्र काढले असेल तर ते पडद्याचे असावे, खोक्याचे नको.